सव्वा लाखात पहिली एअर रायफल: विकत घ्यावी की घरी जुळवावी?

मुलगी 13 वर्षांची, उंची 4 फूट 11 इंच, वजन 38 किलो. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हीएमसी मशीनवर (धातू कापणारं संगणकी मशीन) काम करतात. आई घरी शिवणकाम करते, दारात दोन म्हशी आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम) कांस्य जिंकलं. त्यानंतरच्या महिन्यात आमच्या नेमबाजी क्लबात जी मुलं आली, त्यांतली ही एक. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या कोल्हापूरच्याच नेमबाजांची नावं आमच्याकडे आधीपासून घराघरात आहेत, त्यामुळे ‘मुलीच्या जातीला बंदूक कशाला’ हा प्रश्न तिच्या घरी कुणी विचारला नाही. प्रश्न होता पैशाचा.

मी क्लबात संध्याकाळच्या बॅचचं साहित्य बघतो. कुणाचा स्टॉक (खांद्याला आणि गालाला टेकणारा रायफलचा सांगाडा) कुठे सेट करायचा, कुणाचा स्क्रू ढिला झालाय, छर्रे कुणाला किती दिले, हे माझं काम. या मुलीची रायफल ठरवण्यात मी सुरुवातीपासून होतो. एक सल्ला चुकीचाही दिला. तोही इथे लिहितोय, कारण त्या चुकीतून पुढचं बरंच कळलं.

पहिले आठ महिने ती क्लबच्या रायफलवर शिकली. आधी स्प्रिंगची, ओपन साइटवाली, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरायची. मग पीप साइटची, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची. आपल्याकडे स्पर्धांत हे दोन गट वेगळे असतात आणि ओपन साइटला कमी पैशात सुरुवात होते, म्हणून नवीन मुलांना आम्ही तिथूनच नेतो. पीप साइटची एक रायफल चार मुलांत होती. प्रत्येक जण उभा राहिला की बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) हलवायची, चीक पीस (गालाखालचा टेकू) वर-खाली करायचा. हिने मास्किंग टेपवर पेन्सिलने आपल्या खुणा करून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी टेप निघालेला असायचा आणि तिची पहिली पंधरा मिनिटं काल कुठे होतो ते शोधण्यात जायची.

स्वतःची रायफल का हवी, याचं माझ्या मते हे एकच खरं कारण. 10 मीटरवर दहा गुणांचं मधलं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं. सगळं टार्गेट 45.5 मिलिमीटरचं. तिथे गाल रोज त्याच जागी टेकला नाही तर बाकी मेहनत वाया जाते. रायफल महाग आहे की स्वस्त, नवी की जुनी, हे प्रश्न त्याच्या नंतरचे.

एप्रिल 2025 मध्ये वडील वही घेऊन आले. भिशीचे, दुधाच्या बिलातून बाजूला टाकलेले आणि आत्याने दिलेले मिळून 1,25,000 रुपये. त्यांना वाटत होतं, हे सगळे रायफलचे. मी त्यांना आधी छर्रे मोजायला लावले. आठवड्याला चार दिवस, दिवसाला 60 शॉट म्हटले तरी वर्षाचे 12,480. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या, छर्ऱ्यांच्या डब्यात 500 असतात, म्हणजे 25 डबे. तेव्हा आम्हाला डबा 900 ला पडत होता. झाले 22,500. नेमबाजीचं वापरलेलं जाड जॅकेट-ट्राउझर 14,000, बूट 6,000, ग्लोव्ह 1,500. क्लबची फी, स्पर्धांच्या एन्ट्री आणि एसटीचं भाडं धरून 11,000. वहीत शेवटी रायफलसाठी 70,000 उरले. वडील बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

कित्येक घरं ही वजाबाकी करतच नाहीत. सगळा पैसा रायफलमध्ये घालतात आणि चार महिन्यांत मूल आठवड्यातून दहाच छर्रे मारताना दिसतं. असं झालेलं मी तीन-चार वेळा पाहिलंय, आणि त्यातली दोन मुलं चांगली होती.

70,000 मध्ये जर्मन किंवा ऑस्ट्रियन बनावटीची नवी मॅच रायफल येत नाही. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, आनशुट्झ, स्टायर यांच्या वरच्या मॉडेलचे नवे भाव लाखांत जातात. देशी बनावटीची नवी बजेटात बसत होती, पण आम्ही पाहिलेल्या रायफलचा स्टॉक मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मुलीच्या खांद्याला लावून पाहिला तर बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचत होतं. तो विषय तिथेच थांबला.

मग वडिलांनी त्यांच्या मनातलं काढलं. “सर, आम्ही रोज मायक्रॉनमध्ये काम करतो. स्टॉक म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि चार भोकं. मी करतो की.”

त्यांना परजिल्ह्यातल्या एका नेमबाजाकडून बॅरल (नळी), ॲक्शन (छर्रा भरायची-उडवायची यंत्रणा), ट्रिगर आणि सिलिंडर (दाबलेल्या हवेची टाकी) एवढंच 48,000 ला मिळत होतं. लाकडी स्टॉक तुटलेला होता. बाकी आपण बनवू, असा त्यांचा हिशेब. कल्पना वेडगळ नव्हती. हल्लीच्या बऱ्याच मॅच रायफलचे स्टॉक ॲल्युमिनियमचेच असतात, आणि उद्यमनगरात त्याहून अवघड जॉब रोज निघतात.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी स्पष्ट केली. बॅरल, व्हॉल्व्ह, सिलिंडर यांना हात लावायचा नाही. 4.5 मिलिमीटर बोअरची आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे विनापरवाना बाळगता येते. मॅच रायफल तर साडेसात जूलच्या आसपासच असते. पण ‘परवाना लागत नाही’ याचा अर्थ ‘घरी बनवा’ असा कुणी घेऊ नये. त्या सिलिंडरमध्ये 200 बार दाब असतो. मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार असतो. वडिलांनी मान डोलावली. मशीनवाल्या माणसाला दाब म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मग आम्ही जुळवणीचा खरा हिशेब मांडला. ॲल्युमिनियम 7,000. ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर, 1,500. मालकाच्या परवानगीने शिफ्टनंतर मशीन फुकट. इथवर 56,500, आणि वडील खूश. पण त्या संचात मागचा डायॉप्टर (नेम धरायची छिद्राची साइट) नव्हता. चांगला वापरलेला 16,000. पुढे-मागे, वर-खाली होणारी बट प्लेट 12,000. मग मी फोटोत सिलिंडरवर कोरलेली तारीख मोठी करून पाहिली. 2012. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते आणि ती संपलेली नाही हे बघणं आंतरराष्ट्रीय नियमांत नेमबाजाचीच जबाबदारी आहे. तारीख गेली की तो स्पर्धेत नाही आणि माझ्या क्लबात सरावालाही नाही. नवा 24,000. बेरीज 1,08,500.

वडिलांनी दोनदा बेरीज केली. मग म्हणाले, “म्हणजे स्वस्त होतं ते फक्त माझं काम.”

तरीही ते थांबले नाहीत, आणि बरं झालं. पैसे न घालता आधी माप तरी घेऊ, म्हणून त्यांनी तीन रविवार खपून प्लायवूड आणि सागवानाच्या तुकड्यांचा नकली स्टॉक बनवला. बॅरलच्या जागी लोखंडी पाइप, आत शिसं भरून वजन जुळवलेलं. पकडीच्या जागी ओलं एम-सील थापलं आणि मुलीला धरायला सांगितलं. तिची चारही बोटं आणि तळव्याचा खळगा त्यात उमटला.

क्लबच्या कोपऱ्यात ती तो ओंडका घेऊन उभी राहिली. मी तिला डोळे मिटायला सांगितले. डावं कोपर कमरेच्या हाडावर बसू दे, मान सरळ ठेव, गाल स्वतःहून पडेल तिथे पडू दे. वडील सुताराची पेन्सिल कानावर अडकवून बाजूला. गाल हवेत राहिला की ते पातळ पट्टी सरकवत, मान वाकली की काढून घेत. सतराव्या का अठराव्या वेळी तिने डोळे उघडले आणि नळीचं टोक समोरच्या टार्गेटच्या मध्यावर होतं. तिने काहीही हलवलं नव्हतं. वडिलांनी व्हर्नियर काढून सगळी मापं वहीत टिपली. ट्रिगरपासून बटपर्यंत 29.5 सेंटिमीटर. क्लबच्या रायफलवर सगळ्यात आखूड सेटिंग 32 होतं. म्हणजे आठ महिने ही मुलगी अडीच सेंटिमीटर लांब रायफलशी झगडत होती आणि आम्ही तिला ‘खांदा आत घे’ म्हणून सांगत होतो.

हा दोष आमचा. मुलांच्या अंगाची मापं आम्ही आधी घ्यायला हवी होती. तेव्हापासून घेतो.

आता माझी चूक. क्लबातल्या एका जुन्या नेमबाजाकडे फाइनवेर्कबाउ 603 होती. या रायफलला सिलिंडर नसतो. बाजूचा लिव्हर एकदा ओढला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते. तारखेची कटकट नाही, हवा भरायला कुठे जायला नको, बॅरल उत्तम. 55,000 ला देत होते. मी वडिलांना ठामपणे सांगितलं, हीच घ्या. नेमबाजकाकांनी मोठ्या मनाने दोन आठवडे वापरायला दिली, म्हणून आम्ही वाचलो.

स्पर्धेत 60 शॉट 75 मिनिटांत मारायचे, त्याआधी सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवून घ्यायचे, वेगळे. म्हणजे पाऊणशेच्या वर वेळा तो लिव्हर ओढायचा. पहिल्या तीन सिरीज (दहा शॉटची एक) 96, 97 च्या घरात गेल्या. पस्तिसाव्या शॉटनंतर तिचा उजवा हात थरथरायला लागला. त्याहून वाईट म्हणजे दर वेळी लिव्हरसाठी रायफल खाली घेताना बट खांद्यावरून सुटायचं आणि पाय नकळत सरकायचे. शेवटची सिरीज 89.4. चार दिवस हेच चित्र. ती तक्रार करत नव्हती. पाचव्या दिवशी आईने मला विचारलं, “सर, हिला रात्री ताट उचलवत नाही, एवढा जोर लागतो का त्याला?” मी दुसऱ्या दिवशी रायफल परत केली. 603 मध्ये काही खोट नाही, मोठ्या माणसाने आजही डोळे मिटून घ्यावी. 38 किलोच्या मुलीला ती द्यायला सांगणं ही माझी घाई होती.

मे महिन्यात एक ऑनलाइन जाहिरात दिसली. आयात केलेली जुनी सिलिंडरवाली रायफल, 62,000. आम्ही एसटीने जाऊन पाहिली. बाहेरून लखलखीत. मालक म्हणाला, हवा अजिबात जात नाही. 5,000 अनामत ठेवून एक रात्र मागून घेतली. संध्याकाळी दाबाचा काटा 190 बारवर होता. मी मोबाइलवर फोटो काढला आणि रायफल सावलीत ठेवली. सकाळी सातला काटा 150 वर. रायफल परत, अनामत परत मिळायला आठ दिवस गेले. जुनी सिलिंडरवाली रायफल घेणाऱ्याने ही एक रात्र मागावीच, आणि विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच निघावं.

शेवटी रायफल मिळाली ती घरातच म्हणावी अशी. आमच्याच क्लबातली एक ताई इंजिनिअरिंगला बाहेरगावी निघाली होती. तिची ॲल्युमिनियम स्टॉकची, सिलिंडरवाली रायफल, डायॉप्टर आणि पेटीसकट 72,000 सांगितली. सिलिंडरवर 2019 कोरलेलं, म्हणजे मुदतीची अजून चार वर्षं हातात होती. रायफल कुठे पडली होती, सील कधी बदलले, कोणता छर्रा तिला मानवतो, सगळं तिच्या वहीत लिहिलेलं होतं.

तरी तपासणी सोडली नाही. वडिलांनी कारखान्यातून बाकशिकंजा (व्हाइस) आणला, त्याच्या जबड्यांना लाकूड आणि चामडं लावलं, रेंजच्या टेबलाला बोल्टने आवळला. रायफल त्यात धरून मी पाच-पाच छर्रे मारले. पहिल्या डब्याच्या छर्ऱ्यांनी कागदावर शेंगदाण्याएवढं लांबट भोक पाडलं. दुसऱ्या डब्याच्या पाचांनी एकच गोल भोक, एका छर्ऱ्याहून थोडंसं मोठं. वडिलांनी तो कागद घडी न घालता वहीत ठेवला. सौदा 70,000 ला झाला. बिलाची मूळ प्रत, रायफलचा नंबर लिहिलेली दोन्ही बाजूंच्या सहीची पावती आणि क्लबचं पत्र, तिन्ही एका फाइलीत.

आता वडिलांचं काम सुरू झालं. बट सगळ्यात आत घेतली तरी माप 31.4 येत होतं. बट प्लेट धरणारा दांडा आखूड हवा होता. त्यांचा पहिला विचार मूळ दांडा कापायचा. मी नको म्हटलं. मूळ भाग कापायचा नाही, नवा बनवायचा आणि मूळ पेटीत जपून ठेवायचा. मुलगी वाढणार आहे, आणि उद्या रायफल विकायची झाली तर घेणारा मूळ भागच मागणार.

त्यांनी दांडा बनवला, चीक पीसखालचा ठोकळा उतरवला, पुढच्या हातासाठी उंचवटा केला आणि एम-सीलवर उमटलेल्या पंजाच्या मापाने सागवानाची पकड कोरली. पहिल्या दांड्यात दशांश मिलिमीटरची ढिलाई राहिली. आवळल्यावरही बट बोटाने किंचित हलायची. मला ती जाणवलीही नव्हती, मुलीने सांगितलं. वडिलांनी तो दांडा भंगारात टाकला आणि रात्री दुसरा केला. दूध डेअरीच्या हुकाच्या काट्यावर रायफल टांगली तेव्हा 4.6 किलो भरली. जास्तीची वजनं काढून ती 4.2 वर आणली. नियमाची मर्यादा साडेपाच किलो आहे, पण 38 किलोच्या मुलीने त्या मर्यादेकडे बघायचं कारण नाही. धातू 1,850, ॲनोडायझिंग 600. बजेट 2,450 ने ओलांडलं, ते प्रवासाच्या पैशांतून घेतले.

जॅकेटचं काम आईने केलं. वापरलेलं जॅकेट बगलेत फार मोठं होतं. घरच्या मशीनच्या तीन सुया त्या कॅनव्हासवर मोडल्या, मग त्यांनी चांभाराची आरी आणून हाताने टाके घातले. माझी एकच अट होती, शिवण दुमडून जाडी वाढता कामा नये, कारण एका थराला अडीच मिलिमीटरची मर्यादा आहे आणि स्पर्धेच्या आधी ती मोजतात. त्यांनी दुमड घातलीच नाही. कडा समोरासमोर आणून टाके घातले, शाळेची दप्तरं दुरुस्त करताना घालतात तसे. जाडी मोजायच्या गेजवर सगळीकडे 2.4.

निकालाबद्दल मोजकंच सांगतो, कारण सगळं श्रेय रायफलला देणं बरोबर नाही. क्लबच्या रायफलवर तिचे 60 शॉटचे गुण 574 ते 578 असायचे. नव्या रायफलवर पहिला महिना ते खाली आले, 570 च्या आसपास. शरीराला जुनी वाकडी सवय सोडायची होती. घरचे घाबरले, मी थांबा म्हटलं. ऑक्टोबरमध्ये 591.2 आले. मला त्याहून मोलाची वाटते ती शेवटची सिरीज. ती आता पहिलीइतकीच असते.

वडिलांचं अजूनही म्हणणं आहे की बिनस्टॉकचा संच डायॉप्टर आणि चालू सिलिंडरसकट मिळाला असता, तर त्यांनी पूर्ण रायफल जुळवून दाखवली असती. मला ते पटतं. तसा संच मिळाला आणि मुलाचं माप आधी लाकडावर घेतलं असेल, तर मी त्या बाजूनेही कौल देईन. फक्त हातात कसबी माणूस हवा, आणि त्याने चुकलेला दांडा भंगारात टाकायची तयारी ठेवायला हवी. ज्या घरात मशीनवर काम करणारं कुणी नाही, तिथे जुळवणीच्या नादाला लागू नये. पूर्ण रायफल घ्यावी आणि मापापुरतं काम ओळखीच्या वर्कशॉपमधून करून घ्यावं.

दिवाळीनंतर मुलीची उंची 3 सेंटिमीटरने वाढलेली निघाली आणि मान पुन्हा पुढे यायला लागली. वडिलांनी आधीच्यापेक्षा 12 मिलिमीटरने लांब असा 2 नंबरचा दांडा आणला. ड्रॉइंग तयारच होतं. बदलायला वीस मिनिटं लागली. पेटीच्या झाकणात आईने जाड कापडाची पट्टी शिवून तिला तीन कप्पे केलेत. पहिल्यात आखूड दांडा, त्यावर पंचने मारलेला 1. दुसरा कप्पा रिकामा, कारण तो दांडा रायफलवर आहे. तिसऱ्यात 3 नंबरचा, अजून तेल पुसलेलं नाही असा.